करवती किनार साडी

करवती किनार साडी (अन्य नावे: करवतकाठी, करवत काटी, करवती काठ) ही पूर्व विदर्भात हातमागावर विणली जाणारी टसर रेशमाची साडी आहे. साडीच्या दोन्ही काठांची आतील कड करवतीच्या दात्यांसारखी त्रिकोणी असते, त्यावरून तिला हे नाव पडले. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी, आंधळगाव, पवनी व भंडारा शहर, तसेच नागपूर जिल्हा आणि चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड परिसर ही तिच्या विणकामाची परिचित ठिकाणे होत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही साडी नित्याच्या वापरातून जवळजवळ नाहीशी झाली. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून जुन्या पेहरावांना पुन्हा मागणी येऊ लागली, तेव्हा तिचेही नाव नव्याने ऐकू येऊ लागले. तिला भौगोलिक मानांकन प्राप्त झाले असून महाराष्ट्र शासनाच्या वस्त्रोद्योग धोरणात जतन करावयाच्या पाच पारंपरिक वस्त्रप्रकारांत तिचा समावेश आहे.

नाव

‘काठी’ हे येथे ‘काठ’ या नामापासून बनलेले विशेषण आहे. जरीकाठी, रेशीमकाठी, रुंदकाठी या शब्दांत ते ज्या अर्थाने येते त्याच अर्थाने ‘करवतकाठी’, म्हणजे करवतीसारखा काठ असलेली. भौगोलिक मानांकनाच्या नोंदीत हे नाव रोमन लिपीत लिहिले गेले. तेथून ते पुन्हा देवनागरीत येताना ‘करवत काटी’ असे झाले आणि शासकीय कागदपत्रांत व दुकानांच्या पाट्यांवर हेच रूप रुळले. काट्याशी किंवा लाकडी काठीशी या नावाचा काही संबंध नाही. बोलताना लोक नुसते ‘करवती’ म्हणतात. टसरला या भागात ‘कोसा’ हा शब्द अधिक प्रचलित आहे.

वस्त्राचे स्वरूप

साडीचे अंग टसरचे व काठ तुतीच्या रेशमाचे किंवा सुताचे असतात. टसरचा नैसर्गिक रंग मधासारखा वा फिकट तांबूस असतो आणि जुन्या करवती साडीत तो बहुधा तसाच ठेवला जाई. टसरवर रंग सहजासहजी चढत नाही, हे त्याचे एक व्यावहारिक कारण. त्यामुळे रंगाची सगळी हौस काठावर भागवली जाई. लाल, किरमिजी, जांभळा, हिरवा, काळा असे गडद काठ मंद अंगाशेजारी उठून दिसतात. तुतीच्या रेशमाची झळाळी टसरला नाही. त्याचा पोत किंचित खरबरीत असतो, उजेडात त्यावर सौम्य तकाकी दिसते आणि वापराने ते मऊ होत जाते. साडीची शोभा काठात आहे. पैठणीसारखा भरजरी पदर तिला नसतो, त्यामुळे पैठणीला सरावलेल्या ग्राहकाला ती पहिल्या नजरेत साधी वाटण्याचा संभव असतो.

करवती दात्यांची प्रेरणा रामटेकच्या देवळांवरील कोरीव कामातून आली, असे पुष्कळदा सांगितले जाते. रामटेक हे वाकाटककालीन अवशेषांसाठी प्रसिद्ध असलेले या प्रदेशातील प्रमुख तीर्थस्थान असल्याने ही समजूत स्वाभाविक आहे. मात्र अशाच त्रिकोणी दात्यांचे काठ ओडिशात आणि दक्षिणेकडील साड्यांतही आढळतात आणि अनेक ठिकाणी त्यांना ‘देऊळ’ किंवा ‘कुंभ’ या अर्थाची नावे आहेत. मध्य व पूर्व भारतात दूरवर पसरलेल्या एका जुन्या नक्षीचे हे वैदर्भीय रूप आहे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

विणकाम

सामान्य साडीत बाण्याचा एकच धोटा या काठापासून त्या काठापर्यंत जातो. काठाचा ताणा निराळ्या रंगाचा असला तरी अंगाचा बाणा त्यातून गेल्यामुळे काठाचा रंग मिश्र दिसतो. करवती साडीत तीन धोटे चालतात: एक अंगाचा आणि दोन्ही काठांचा एकेक. अंगाचा धागा काठाच्या सीमेपाशी येऊन थांबतो, तेथे काठाच्या धाग्यात अडकवला जातो आणि मागे फिरतो. काठाचा धागाही तसाच आपल्या बाजूला वळतो. ही अडकवण्याची जागा प्रत्येक ओळीत काही ताण्यांनी पुढे सरकवत नेली आणि ठरलेल्या उंचीनंतर पुन्हा मागे आणली की एक दाता तयार होतो. साडीच्या संपूर्ण लांबीत दोन्ही बाजूंना असे दाते पडत जातात. कांचीपुरमच्या साड्यांतील ‘कोरवै’ ही पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे.

या पद्धतीमुळे काठ भरीव रंगाचा होतो, त्याचा रंग अंगात उतरत नाही आणि साडी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते. दुसरीकडे कामाचा वेग फारच मंदावतो. झटक्याच्या धोट्याने सरळ विणता येते, परंतु दात्याची ओळ हाताने मोजावी लागते. दोन्ही काठांचे दाते समोरासमोर व समान पडावेत यासाठी विणकराचे लक्ष क्षणभरही ढळून चालत नाही. एक धागा चुकला तर दात्याचे टोक बोथट होते आणि ती चूक तयार साडीत लपत नाही. काठाच्या आत अतिरिक्त ताण्याने बारीक नक्षी भरायची असेल तर श्रम आणखी वाढतात.

मागावर बसण्यापूर्वीची कामे, म्हणजे सूत उकलणे, कांड्या भरणे, ताणा पसरणे व खळ देणे, बहुतांशी घरातील स्त्रिया व वृद्ध करतात. साडीच्या किमतीत त्यांची मजुरी वेगळी मांडली जात नाही. विणकर हे प्रामुख्याने कोष्टी व हलबा कोष्टी समाजांतील आहेत.

कोशापासून सुतापर्यंत

भारतात तुती, टसर, एरी व मुगा असे चारही प्रकारचे रेशीम तयार होते. महाराष्ट्रात टसरचे उत्पादन गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या चार पूर्वेकडील जिल्ह्यांपुरते मर्यादित आहे, कारण टसरच्या किड्याला लागणारी ऐन व अर्जुन ही झाडे तेथील जंगलांत मुबलक आहेत. तुतीचा किडा घरात ताटांवर पाळतात. टसरचा किडा (अँथेरिया मायलिट्टा) मात्र उघड्यावर, झाडावरच वाढतो. भंडारा जिल्ह्यात हे काम परंपरेने ढिवर समाज करीत आला आहे. तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागात मासेमारी हा त्याचा मुख्य व्यवसाय आणि कोसापालन हा पावसाळा लागताच सुरू होणारा जोडधंदा. अंडीपुंज झाडाला बांधल्यापासून कोष उतरवेपर्यंत पाळणारे कुटुंब रानातच मुक्काम करते, कारण पक्षी, मुंग्या आणि गांधीलमाश्या यांच्यापासून किड्यांची राखण दिवसभर करावी लागते. या काळात आहाराविहाराची पथ्ये पाळण्याची चाल जुन्या पिढीत होती.

किड्यांना होणारा पेब्रिन हा रोग मादी पतंगाकडून अंड्यांत उतरतो. एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चर यांनी मादीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून निरोगी अंडी निवडण्याची रीत घालून दिली. आजही रोगमुक्त अंडीपुंज तयार करताना तिचाच आधार घेतला जातो. भंडारा येथे केंद्रीय रेशीम मंडळाचे टसर बीजगुणन केंद्र असून राज्याचे रेशीम संचालनालय नागपूर येथे आहे.

टसरचा कोष कठीण असतो. तो सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ केल्यावर धागा सुटतो. पूर्वी स्त्रिया अनेक कोशांचे धागे एकत्र घेऊन मांडीवर पीळ देत सूत काढीत. मांडी सोलवटणारी ही पद्धत सूतकताईची यंत्रे आल्यावर मागे पडू लागली. पतंग बाहेर पडल्याने भोक पडलेल्या कोशांपासून जाडेभरडे ‘घिचा’ सूत निघते. स्थानिक सूत कमीजास्त जाडीचे असल्याने ते बाण्यासाठी बरे पडते. ताण सहन करू शकणारा सारख्या जाडीचा ताणा मात्र अनेक ठिकाणी बाहेरून आणलेल्या रेशमाचा असतो. पूर्णतः स्थानिक कोशाची साडी आणि फक्त स्थानिक पातळीवर विणलेली साडी यांत म्हणूनच फरक करणे आवश्यक आहे. दुकानात तो क्वचितच केला जातो.

वन हक्क अधिनियम २००६ मध्ये गौण वनोपजाच्या व्याख्येत टसर व कोष यांचा स्पष्ट उल्लेख आहे. वनात राहणाऱ्या पात्र समूहांना ते गोळा करण्याचा हक्क त्यामुळे मिळाला. कोसापालकांच्या दृष्टीने मुख्य प्रश्न ऐनाची झाडे हाताशी असण्याचा आहे. जंगलाचा जो पट्टा पाळणुकीसाठी वापरता येतो तेवढेच कोष हाती लागतात, मग शहरातील मागणी कितीही वाढो.

इतिहास

वैनगंगेच्या खोऱ्यातील हा प्रदेश अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. त्या दरबाराभोवती पागोटी, धोतरे, उपरणी व लुगडी विणणाऱ्यांची मोठी वस्ती वाढली. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश गॅझेटियरांत भंडारा जिल्ह्यातील पितळकामाबरोबरच रेशीमकाठी वस्त्रांच्या विणकामाची नोंद आहे. १९५६ पर्यंत भंडारा व आजचा छत्तीसगड हे एकाच प्रांतात होते. कोशाचे व्यापारी, दलाल आणि नक्ष्या या दोन्ही भागांत सहज फिरत. चांपा व रायगड येथील कोसा आणि भंडाऱ्याचा कोसा यांच्यातील साम्य त्यामुळेच आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. त्यावेळच्या भंडारा जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा करण्यात आला.

कोशाच्या वस्त्राला धार्मिक व्यवहारात विशेष स्थान होते. सुती कापड विटाळते पण रेशीम विटाळत नाही, या समजुतीमुळे सोवळ्यात नेसण्यासाठी पुरुषांचे मुकटे आणि स्त्रियांची कोशाची लुगडी घरोघर असत. नऊवारी करवती लग्नकार्यात, सणावारी व पूजेला नेसली जाई. रोजच्या वापरात नागपुरी सुती लुगडे असे.

ऱ्हास

नागपूर येथे १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीच्या कापडाची स्पर्धा विदर्भातील विणकरांच्या दाराशी येऊन ठेपली. सुती लुगड्यांना तिचा फटका आधी बसला, कोशाच्या साडीला पुष्कळ उशिरा. तिच्यावरील खरे संकट स्वातंत्र्योत्तर काळातले आहे. नऊवारीची जागा पाचवारी व सहावारी साडीने घेतली. सत्तरच्या दशकात नायलॉन, टेरिलिन व सुरतेच्या छापील कृत्रिम साड्या स्वस्त, हलक्या आणि इस्त्रीची गरज नसलेल्या म्हणून घरोघर पोचल्या. त्या काळी कोशाचा मातकट रंग जुनाट व म्हाताऱ्या बायकांचा समजला जाऊ लागला. सोवळ्याचे आचार सैल झाल्यावर उरलीसुरली मागणीही ओसरली.

याच सुमारास, १९७६ मध्ये, केंद्र शासनाने जनता कापड योजना सुरू केली. गरिबांना स्वस्त धोतर व साडी मिळावी आणि विणकरांना बारमाही काम मिळावे, असा तिचा दुहेरी हेतू होता. नागपूर येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळाने विदर्भातील विणकरांना या योजनेचे काम दिले. त्यातून अनेक कुटुंबांची चूल पेटती राहिली, हे नाकारता येत नाही. परंतु तीन धोट्यांचा काठ विणणारे हात वर्षानुवर्षे जाडेभरडे सुती कापड विणत राहिले आणि त्यांच्या मुलांनी करवती कधी मागावर चढलेली पाहिलीच नाही. नव्वदच्या दशकात योजना गुंडाळली गेली तेव्हा कामही गेले आणि कसबही बऱ्याच अंशी हरवलेले होते. हातमागाच्या ऱ्हासाची चर्चा करताना गिरण्या व यंत्रमाग यांचे नाव सर्वप्रथम घेतले जाते. या योजनेचा परिणाम मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे.

पुनरागमन

जुन्या मराठी पेहरावाकडे शहरी मध्यमवर्ग पुन्हा वळला तो टप्प्याटप्प्याने. डोंबिवलीत १९९९ पासून गुढीपाडव्याची स्वागतयात्रा निघू लागली आणि पुढे अनेक शहरांनी तिचे अनुकरण केले. नऊवारी, नथ, अंबाडा व गजरा यांना त्यातून वर्षातला एक हक्काचा दिवस मिळाला. २००४ मध्ये दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ या कार्यक्रमाने पैठणी हे बक्षीस म्हणून घराघरांत नेले. २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’ या हिंदी चित्रपटानंतर पेशवाई थाटाचे दागिने व नऊवारी महाराष्ट्राबाहेरही मागितली जाऊ लागली. त्याच वर्षी बंगळूरूहून ‘शंभर साडी करार’ ही समाजमाध्यमांवरील चळवळ सुरू झाली. तीत स्त्रिया वर्षभरात शंभर वेळा साडी नेसण्याचा संकल्प करून प्रत्येक साडीची आठवण लिहीत. १९०५ च्या स्वदेशी चळवळीच्या स्मरणार्थ ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन पाळण्यास सुरुवात झाली तीही २०१५ मध्येच. पाठोपाठ खण, इरकल, नारायणपेठ अशी एकेकाळी आजीच्या ट्रंकेत पडलेली वस्त्रे बाजारात परतली. खणाची चोळी आता साडी, झबले, पर्स व तोरण अशा कितीतरी रूपांत दिसते.

या लाटेत करवती उशिरा आली. पैठणीमागे येवल्याची संघटित बाजारपेठ होती आणि तिची कीर्ती कधी पूर्णपणे मावळली नव्हती. विदर्भाबाहेरील मराठी वाचकाला मात्र करवतीचे नावही ठाऊक नसे. तिच्याकडे लक्ष वळण्यास जी कारणे झाली त्यांत एक गंमतीदार उलटापालट आहे. न रंगवलेला, मातकट, ओबडधोबड पोत सत्तरच्या दशकात दोष ठरला होता. नैसर्गिक धाग्यांची आवड वाढल्यावर त्याच गुणांसाठी नवे ग्राहक जादा किंमत मोजू लागले. नऊवारीऐवजी ब्लाऊजच्या कापडासह सहावारी, तसेच ओढण्या, उपरणी, कुडते व जाकिटे या रूपांत करवती काठ आता मिळतो. कोपरापर्यंत बाह्या असलेल्या खणाच्या चोळीबरोबर ती नेसण्याची पद्धत शहरांत विशेष आवडती आहे. लग्नात वधूने आजीची करवती नेसण्याची हौस भंडारा-नागपूरकडील कुटुंबांत दिसते. साडी विरलेली असेल तर तिचे काठ नव्या कापडावर लावून घेतात. येथे एक अडचण येते: काठ अंगातच गुंफलेला असल्यामुळे उसवता येत नाही, तो अंगाच्या पट्टीसह कापूनच घ्यावा लागतो.

संरक्षण व शासकीय योजना

वस्तूंचे भौगोलिक उपदर्शन अधिनियम १९९९ हा २००३ मध्ये अमलात आला. त्याखाली करवती साडी व कापड यांची नोंदणी झालेली आहे. नोंदणी दहा वर्षांसाठी असते व तिचे नूतनीकरण करता येते. या संरक्षणाची मर्यादा पुष्कळदा लक्षात घेतली जात नाही. कायदा नावाला संरक्षण देतो, दातेरी नक्षीला नव्हे. छापलेल्या करवती दात्यांची कृत्रिम साडी ‘टेंपल बॉर्डर’ या नावाने विकली गेली तर मानांकनाचा आधार घेता येत नाही. शिवाय मानांकनाचा लाभ घेण्यासाठी विणकराने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्रपणे नाव नोंदवावे लागते.

हातमागासाठी वस्तू राखून ठेवणारा कायदा १९८५ पासून अस्तित्वात आहे. त्यात सध्या ११ वस्तूप्रकार आहेत व साडी त्यांपैकी एक आहे. अंमलबजावणी मात्र सर्वत्र सैल आहे. महाराष्ट्राच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, करवत काटी, घोंगडी व खण या पाच वस्त्रांसाठी स्वतंत्र तरतूद असून हातमाग विणकरांना उत्सव भत्ताही देऊ केला आहे. महामंडळाची विक्री ‘इंद्रायणी’ या नावाच्या दालनांतून होते.

२०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत देशभर सुमारे ३५ लाख विणकर व पूरक कामगार मोजले गेले. त्यात महाराष्ट्राचा वाटा अगदी अल्प आहे. करवतीच्या बाबतीत मागणी आली तेव्हा विणणारे उरले नव्हते, अशी ही स्थिती आहे. तीन धोट्यांचे काम येणारे विणकर बहुधा उतारवयातले आहेत. मजुरी साडीमागे ठरते, त्यामुळे बारीक दात्यांच्या साडीवर घालवलेले जादा दिवस विणकराला परवडत नाहीत आणि तो मोठे, विरळ दाते पसंत करतो. तरुण पिढी नागपूरला किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत काम शोधते. बाजारातील काही साड्यांवर दाते गुंफलेले नसून अतिरिक्त धाग्याने वरून काढलेले असतात. हेही हातमागाचे काम असू शकते, परंतु ते करवतीचे मूळ तंत्र नव्हे.

ओळख

साडी उलटी करून काठाची आतील कड पाहणे ही सर्वांत सोपी परीक्षा आहे. गुंफलेल्या काठात दात्याच्या कडेला दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकलेले दिसतात आणि मागील बाजूस लोंबते धागे नसतात. वरून काढलेल्या नक्षीच्या मागे तरंगते किंवा कातरलेले धागे आढळतात. छापील साडीची मागील बाजू फिकट असते. दाते अगदी यंत्रासारखे एकसारखे असतील तर संशय घ्यावा, कारण हाताने मोजलेल्या दात्यांत बारीक फरक राहतोच. टसरच्या अंगात जागोजागी जाड धागा येणे हा दोष मानू नये. रेशमाच्या शुद्धतेसाठी ‘सिल्क मार्क’ व हातमागासाठी ‘हँडलूम मार्क’ ही चिन्हे स्वतंत्र आहेत. पहिले असले म्हणजे दुसरेही आहे असे होत नाही.

निगा

नवी करवती साडी प्रथम कोरडी धुवून घेणे इष्ट, कारण गडद काठाचा रंग फिकट अंगावर उतरण्याची भीती असते. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवतात आणि दर दोन-तीन महिन्यांनी घड्या बदलतात. एकाच घडीवर वर्षानुवर्षे राहिलेले टसर त्या रेषेवर चिरते. जुन्या घरांत कोशाच्या वस्त्रांबरोबर कडुलिंबाची वाळलेली पाने ठेवीत आणि भाद्रपदातील पावसाची दमट हवा सरली की आश्विनातल्या उन्हाच्या कवडशात, थेट उन्हात नव्हे, ती काही तास पसरून ठेवीत.